पाणी उकळेपर्यंत

सिरिंजच्या काचेच्या दट्ट्यावरची ती रेघ—नखाला लागत नव्हती, पण खिडकीकडे धरला की केसासारखी दिसत होती. कोकिळानं दट्ट्या तळहातावर फिरवला. त्याची नळी शाबूत होती. दुसऱ्या सिरिंजची नळी तडकलेली, दट्ट्या शाबूत. पण दोन शाबूत भाग जोडून एक सिरिंज होत नाही. ती काच आपल्याच जोडीदारासाठी घासलेली असते, परक्या नळीत दट्ट्या अडकतो, नाहीतर औषध मागे गळतं... तिसरी तेवढी वाचली होती.

भांडं कोरडं पडलं तेव्हा ती पडद्यापलीकडे गुडघे टेकून होती. मिशनच्या या लहान दवाखान्यात सकाळी सिरिंजा स्टोव्हवर ठेवायच्या आणि पाणी उकळेपर्यंत प्रार्थना करायची, हा तिचा नेम. आजची प्रार्थना लांबली. दवाखाना सोडून बायबल शाळेत जायचं की नाही, हे पाळकीणबाई संध्याकाळी विचारणार होत्या. जायचं तर उद्याच निघायचं होतं. प्रभू, हेच तुझं पाचारण ना, एखादी खूण दे... आणि मागे पाणी आटत होतं.

मग हीच खूण? छे. कोरड्या भांड्यात काच तापली, घाईनं उचलताना वारा लागला, तडकली. देवाला निरोप धाडायला कुणाचं औषध अडवावं लागत नाही. पण मला त्याच्याशी बोलायला ते का अडवावं लागलं?

"बाई, काय करून राह्यली वं तू?" दारातून रामीबाईचा आवाज आला. तांड्यावरून चालत आलेली. उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर तिची पोर जमनी, तापानं लाल. पेनिसिलिन द्यायला सांगून डॉक्टर खेड्यांच्या फेरीवर गेले होते.

"पाणी उकळलं की लगेच देते, रामीबाई."

"मघाबी तं उकळूनच राह्यलं होतं!"

"मी प्रार्थनेला बसले होते. आटलं."

"मंग तुह्या देवाले सांगाचं होतं ना बाप्पा, जरा स्टो पाह्यजो म्हनून!"

कोकिळाला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. तिनं पाणी ओतलं, स्टोव्हला पंप मारला आणि तिथंच उभी राहिली.

आई, मानीबाई, सुवार्ता सांगत हिंडायची. झरीकडच्या पोडांवरून, आदिवासी वस्त्यांवरून, परतली की गळा बसलेला, पाय धुळीनं पांढरे. चर्चमध्ये मंडळीतल्या बायका तिला पुढे बसवायच्या. घरी चुलीशी कोकिळा असायची. जेवणाआधी आई डोळे मिटून उपकारस्तुती करायची, फिरलेल्या गावांसाठी, ऐकणाऱ्यांसाठी, ताटातल्या अन्नासाठी... त्या स्तुतीत भाकर असायची, थापणारी नसायची. एक दिवस मीही आईसारखी पुढे बसेन, असं तेव्हाच ठरलं असावं. मग ते पाचारण होतं—की फक्त चुलीपासून उठायची ओढ?

तळाशी बारीक बुडबुडे धरले. सुटले. जमनीचा श्वास दारातून ऐकू येत होता, उथळ, घाईचा. मध्येच तो अडला की कोकिळाचाही अडायचा. पाणी खळखळू लागलं तरी तिनं नजर हलवली नाही. पुरेसं उकळू दे. अजून थोडं. देवाचं नाव मनात नव्हतं, शब्दच नव्हते. तरी पडद्यापलीकडे गुडघ्यांवर जी शांतता कधी मिळायची, कधी नाही, ती इथं रॉकेलच्या वासात... हे प्रार्थनेत धरायचं का? तिला माहीत नव्हतं. धरायची भीतीही वाटली.

सुई टोचली तशी जमनी दवाखाना डोक्यावर घेऊन रडली.

"तुह्या हातची सुई दुखत नाही म्हने," रामीबाई पोरीचे डोळे पुसत म्हणाली, "लोक लबाड बोलून राह्यले बाप्पा!" आणि फाटकाशी वळून, "उद्या तूच राह्यशीन ना?"

कोकिळा दारात आली. पोर घेऊन जाणारी ती पाठ बराच वेळ दिसत राहिली.

संध्याकाळी पाळकीणबाई आल्या. "ठरलं का गं? सकाळची मोटार आहे."

"उद्या जमनीची सुई आहे."

"अगं, ती कुणीही देईल. हे काम प्रभूचं आहे."

"हो. कुणीही देईल," कोकिळा म्हणाली, आणि तिला आश्चर्य वाटलं: हा शब्द टोचला नाही. कुणीही... स्टोव्हपाशी उभी राहणारी कुणीही. जावंसं अजून वाटत होतं. पोडांवरच्या वाटा, आईचा बसलेला गळा, पुढची जागा, सगळंच ओढत होतं. पाळकीणबाई उत्तराची वाट पाहत होत्या. फक्त आता, जायचंच झालं, तरी त्यासाठी इथलं काम लहान मानायची गरज उरली नव्हती.