सायीचा चमचा

माझ्या सासूबाई बनाबाई, म्हणजे आमच्या आत्ती, यांच्या मते दूध फक्त म्हशीचं. बाकी सगळं पाणी. मी पंपानं काढलेल्या दुधाची बाटली उजेडाला धरून त्या म्हणाल्या, "पातळ हाय की गं, स्नेहल. ह्यानं पोराचं पोट भरंल व्हय? म्हशीचं दिऊया वाटीभर."

मला रागच आला. चार महिन्यांचा पृथ्वीराज माझ्याच दुधावर गुटगुटीत झाला होता, पण बघतंय कोण! सोमवारपासून मला गडमुडशिंगीहून कोल्हापुरात शाळेवर हजर व्हायचं होतं. आत्तींनी माझंच दूध नीट पाजलं तर नोकरी, नाहीतर बिनपगारी रजा टाकून घरी बसायचं.

म्हणून रविवारी रंगीत तालीम घेतली. "बाटली फ्रीजच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला ठेवायची. उकळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं. बाळाचं उष्टं उरलं तर परत ठेवायचं नाही."

"उकळायचं न्हाय?" आत्तींनी कपाळाला हात लावला. "बरं, मास्तरीणबाई."

मी आंघोळ करून आले, तर आत्ती बाटली उघडून ओट्याशी उभ्या. कालच्या दुधावर जमलेला पिवळसर थर चमच्यानं काढून सायीच्या भांड्यात टाकणं चाललं होतं.

"आत्ती! हे काय?"

"साय काढतीया. एवढ्या पोराला साय पचती व्हय?" बोलता बोलता चमचा हवेतच थांबला. "अगं बया! तुझ्या दुधाला साय धरती?"

"म्हशीनं काय मक्ता घेतलाय? त्या सायीवरच तर तो वाढतोय. बाटली हलकेच फिरवली की मिसळते."

पण सायीच्या भांड्यात बुडलेला तोच चमचा परत बाटलीत गेला होता. आता ते दूध बाळाला कसं देणार? मी चिडून बाटली मोरीत ओतायला गेले, तर आत्तींनी माझं मनगट धरलं.

"तुझा नवरा, अमर, एवढासा हुता तवा मी रानात तण भांगलायला जायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. आत्तींचा आवाज हळू होतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. "दुपारी छाती दाटायची, चोळी भिजायची. बांधाआड बसून मातीत पिळायची. घरात पोरगं रडतंय, आन दूध मातीत."

माझा राग कुठल्या कुठं गेला. दूध ओतावं लागलंच, पण दोघींनी मिळून ओतलं. सायीचं भांडंही ओतलं, आणि सासरे लोण्याला मुकले.

सोमवारी शाळेतून धावतपळत आले, तर पृथ्वीराज पोटभर पिऊन झोपलेला. शेजारच्या धोंडुबाई विरजण मागायला आल्या होत्या. फ्रीजमध्ये म्हशीचं पातेलं खाली गेलं होतं, आणि त्याच्या मानाच्या जागी माझ्या बाटल्या उभ्या होत्या.

"वरच्या कप्प्याला हात लावू नगंस," आत्ती नेहमीच्या आवाजात ओरडल्या. "आमच्या सुनंचं दूध हाय ते. साय धरती त्याला!"

साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. मला लाजही वाटली आणि रडूही आलं.