दोन बोटं, मूठ नाही
बाईंनी हातात घेतलेला हा चढाईचा आठवा हार्नेस, म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, होता आणि तोही त्या खाली ठेवायला तयार नव्हत्या. शिवण बघत होत्या, बकल ओढून बघत होत्या, मग पुन्हा शिवण.

"अहो, घर घेताना माणसं एवढं बघत नाहीत," दुकानदार काका म्हणाले. एके काळी ते उभे कडे चढायचे. आता गुडघे कुरकुरतात म्हणून दोर आणि पट्टे विकत बसले होते.

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. शाळेच्या हॉलमधल्या भिंतीवर चढाईच्या खुंट्या बसवून झाल्या होत्या आणि सोमवारी वीस मुलं त्यावर पहिल्यांदा चढणार होती. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "साधे बघा, परवडणारे बघा आणि सगळ्यांना होतील असे बघा." सांगायला काय जातंय! त्या वीस जणांत एकीकडे पैलवान होता, ज्याच्या कमरेला दोन पट्टे जोडावे लागले असते. दुसरीकडे काडी होती, जिच्या कमरेवर शाळेचा स्कर्टसुद्धा पिन लावल्याशिवाय टिकत नव्हता.

पैलवानाची चिंता नव्हती. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो काडीसाठी.

गेल्या वर्षीच्या चढाईच्या शिबिरात जुन्या पद्धतीचे हार्नेस होते. त्यांचा पट्टा बकलातून ओवायचा आणि मग उलटा फिरवून पुन्हा त्यातच घालायचा, तेव्हा कुठे तो पक्का बसायचा. काडीचा पट्टा बाईंनी एकदाच ओवला होता. मध्येच कुणीतरी हाक मारली आणि दुसरा वेढा राहूनच गेला. काडी दोन पुरुष उंच गेल्यावर त्यांना ते सुटं टोक दिसलं. आवाज चढू न देता त्या म्हणाल्या, "हळूच खाली ये गं, बुटाची नाडी सुटलीय तुझी." पोरगी एकेक खाच धरत उतरली. काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. पण त्या दिवसापासून बाईंचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला होता. घराला कुलूप लावलं की त्या तीनदा परत येऊन बघायच्या.

"हा बघा." काकांनी एक साधासा हार्नेस पुढे केला. जाड गाद्या नाहीत, सामान अडकवायच्या कड्या नाहीत. "एकच माप, ओढाल तितका आवळतो. नवशिक्यांना आणखी काय हवं? किंमतही हलकी आहे."

"आणि ओवायचं राहिलं तर?"

"पट्टा आधीच ओवून शिवलेला आहे. ओवायचंच नाही, तर राहणार काय?"

दुधाने तोंड पोळलेल्या बाई ताकही फुंकून पिणार. त्यांनी तो अंगावर चढवला, काकांनी छताच्या हुकाला दोर अडकवला आणि पन्नाशीच्या बाई भर दुकानात लोंबकळू लागल्या. काकांनी खालून हात घालून पट्टा तपासला. "कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. आत दोन बोटं जावीत, मूठ नाही. मूठ गेली तर उलटं झाल्यावर माणूस निसटेल." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "कुणाचं राहिलं होतं?"

"एका मुलीचं."

"तिला सांगितलंत?"

लोंबकळणाऱ्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते. 

"बकल काय, कसलंही घ्या," काका म्हणाले. "एकाने बांधायचं, दुसऱ्याने बघायचं. तुमचा पट्टा कोण बघतं?"

"माझा? अहो, मी शिकवते!"

सोमवारी हॉलमध्ये बाईंनी वीसही कमरा तपासल्या. "दोन बोटं, मूठ नाही," हे प्रत्येकाला सांगत. काडीच्या पट्ट्यात तर पाच वेळा बोटं घालून पाहिली, शेवटी तिला गुदगुल्या व्हायला लागल्या. मग चढून दाखवायचं म्हणून त्यांनी स्वतःचा हार्नेस घातला. पट्टा ओढत असतानाच पैलवानाने विचारलं, "बाई, मी पडलो तर भिंत पडेल का?" सगळे हसले, बाईही हसल्या. दोर धरायला चित्रकलेचे सर उभे राहिले. बाईंनी दोर अडकवला आणि पहिल्या खुंटीवर पाय ठेवला.

"बाई, थांबा." काडी पुढे आली. तिने बाईंच्या पट्ट्यात हात घातला. बोटं गेली, मग अख्खी मूठ गेली. "मूठ जातेय."

बाईंनी खाली पाहिलं. पट्टा अर्धाच ओढलेला होता. खुंटीवरचा पाय काढून त्या तिथेच मॅटवर बसल्या. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे त्यांना कळलं.

"काडे, गेल्या वर्षी तुझाही पट्टा मी अर्धाच..."

"माहितेय." काडीने गुडघे टेकून बाईंचा पट्टा कचकन ओढला आणि दोन बोटं घालून पाहिली. "त्या दिवशी माझ्या बुटांना नाडीच नव्हती, बाई."