नारायणावर सुई

सकाळच्या आंघोळीपासून दुपारचा नैवेद्य दाखवेपर्यंत माझं मौन असतं. देवाचं नाव तेवढं तोंडातून निघालेलं चालतं, दुसरा शब्द नाही. घरात याचा त्रास कोणाला असेल तर आमच्या उकंडरावांना. यांना बोलायचं असतं ते सगळं सकाळीच.

पोळा झाला तेव्हापासून माझं डोकं दुखायला लागलं. मानेतून निघायचं आणि डाव्या भुवईवर येऊन बसायचं. चष्मा बदलून झाला, बाम चोळून झाला. शेवटी हे म्हणाले, "तुह्या मौनानंच दुखते. पोटातलं बोलणं डोक्यात चढते. डॉक्टरनं तसं सांगतलं तं सोडशील का?"

नैवेद्य नुकताच दाखवून झाला होता. देवघरासमोर उभी होते आणि "हो" म्हणून गेले. आता तो शब्द काही परत घेता येत नव्हता.

आमच्या धनज गावाहून आम्ही कारंज्याला गेलो. तिथं सैफुद्दीनभाईंच्या कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची लेक उमेरा दवाखाना चालवते. सुया टोचून दुखणं कमी करायचं, ॲक्युपंक्चरचं, शिक्षण घेऊन आली आहे. सुयांच्या पेशंटला ती सकाळीच बोलावते. म्हणजे नेमकं माझ्या मौनात.

"काय होते, काकू?"

मी यांच्याकडं पाहिलं.

"तुही काकू बारा वाजेलोक बोलत नाई," हे म्हणाले. "म्हणूनच दुखते. तू फक्त हो म्हण, बेटा. सुया वाचतीन."

"काका, दुखते कोणाचं?"

"तिचं."

"मंग तुमी बसा."

तिनं माझी मान वळवून पाहिली. उजवीकडं फिरली, डावीकडं अर्ध्यातच अडकली. मग कवटीच्या खाली बोटानं दाबत चालली. "दुखलं तं सांगा," म्हणे. कशी सांगू? एका जागी बोट पडलं आणि भुवईवरची कळ जशीच्या तशी उठली.

"नारायणा," मी म्हणाले.

बोट थांबलं. "देवाचं नाव चालते काय?"

मी मान डोलावली.

"मंग सोपं झालं. थोडं दुखलं तं राम म्हणा. डोक्यात कळ गेली तं नारायण."

राम, राम, नारायण, राम, असं सुरू झालं. सैफुद्दीनभाई चहा घेऊन वर आले होते, ते दारातच थबकले. टोपी सावरत हळूच म्हणाले, "बेटा, काकूची तबियत जास्त हाय का?"

"चांगल्या हायेत, अब्बा. पत्ता सांगून राह्यल्या."

जिथं नारायण झाला होता तिथं केसासारख्या सुया लागल्या, आणखी दोन सुया हातावर. मान जड झाली, मग ऊन ऊन वाटलं. सुया काढताना उमेरा म्हणाली, "दुखणं मानेतलं हाय, डोक्यात नुसतं येऊन बसते. दिवसभर डावीकडं वळून काय पाह्यता, काकू?"

मी बोटानं दाखवलं. यांना.

"काका, तुमी घरी कुठी बसता?"

"खुर्चीवर. सैपाकाच्या ओट्याच्या मांगं, डावीकडं."

"अन् काय करता?"

"काय करतो? विचारतो. चष्मा कुठी हाय, नळ आला का, आत्ता कोण गेलं. थे वळून मान हालवते." बोलता बोलता यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मौनच झालं ना. तोंडानं बोलली असती तं मान कायले फिरवा लागली असती?"

हे खोटं बोलत नव्हते, आणि मी शब्द दिलेला होता. कोणी दाबलं नसताना "राम" निघालं.

"मौन सोडलं तं मान सुटन, कबूल," उमेरा म्हणाली. "पण तुमी खुर्ची सोडली तरी सुटन. जे सोपं असन थे करा."

यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पायातल्या चपलांकडं. "खुर्ची," म्हणाले.

खुर्ची आता ओट्याच्या कडेला, माझ्या नजरेसमोर आहे. सुयांना अधूनमधून जाते आणि डोकेदुखी हळूहळू कमी होत चाललीय. समोर रिकामं माणूस बसलेलं बरं दिसत नाही, म्हणून रोज मेथीची जुडी यांच्यापुढं सरकवते. मान खाली घालून निवडतात.

काल सकाळी म्हणाले, "माही मानच भरून आली व."

मी मागं जाऊन, उमेरा दाबते तिथं अंगठा ठेवला.

"अय माय."

मी यांच्यापुढं वाकून नकाराची मान हलवली. ते नाही चालत.

यांनी चिडून मान सोडवून पाहिली. मी अंगठा काढला नाही.

"नारायण," हे म्हणाले.