माझ्यावर कानस फिरली

मी मदरबोर्ड बोलतोय. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्यावर येऊन बसतात, तो काळा पाट म्हणजे मी. सध्या एका फिटरच्या खणात, त्याच्या कानशीच्या शेजारी असतो. आज ती जागेवर नाही. म्हणून घाईघाईने सांगतोय, ऐका.

मला घडवताना कारखान्याने माझ्या मधोमध एक चौकोनी घर ठेवलं. त्यात केसासारख्या बारीक बाराशे पिना. तिथे प्रोसेसर राहायला येतो, पण कुणीही उपटसुंभ नाही. माझं कुणाकुणाशी जमतं त्याची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. माणसं भाडेकरूची करतात तेवढी चौकशी आमची केली तरी पुरे.

मला घरी आणलं ठमीने. ठमी हे तिचं घरातलं नाव. दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेतल्या, तेव्हा कुठे मी तिच्या टेबलावर आलो. गेम खेळायचा पहिला कॉम्प्युटर तिला स्वतःच्या हाताने जोडायचा होता. प्रोसेसर मात्र मामेभावाने दिलेला.

"अगं, आकार सेम आहे. डोळे झाकून लाव," म्हणाला होता.

ठमीने डोळे उघडे ठेवले. प्रोसेसर माझ्यावर अलगद धरून पाहिला आणि थांबली. "बाबा, कडेच्या खाचा जुळत नाहीयेत. यादी बघायला हवी. क्लासहून आले की बघते. तोवर हात लावू नका हं."

"नाही गं लावत," बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे तो फिटर. तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे भाग जुळवले. भाग बसत नसला की किंचित घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. लोखंडात त्या रीतीने त्यांनी नाव कमावलं होतं. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी साधा स्क्रू आवळायला सांगत नव्हतं. मला त्यांची कीव येते, आजही येते.

ते खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. खाच जुळत नव्हती ती माझ्या घराच्या काठावरच्या उंचवट्यामुळे. त्यांनी बारीक कानस घेतली आणि तो उंचवटा घासायला लागले. हात अगदी हळुवार होता, हेच जास्त भयंकर. भुसा माझ्या पिनांत पडला. त्यांनी फुंकर मारली, प्रोसेसर ठेवला आणि त्याला घट्ट धरणारी माझी दांडी दाबली. पिना एकेक करून वाकल्या.

"बसला," ते समाधानाने म्हणाले.

ठमी आली. बाबांचा खुललेला चेहरा बघून तिने यादीचं नावही काढलं नाही. सगळं जोडलं, बटण दाबलं. पडदा काळाच. मग जळका वास आला. तिने दांडी उचलली, कानशीच्या खुणा पाहिल्या आणि मोबाइलवर यादी उघडली. त्या प्रोसेसरचं नाव यादीत नव्हतं.

"काय गं? चालत नाही?" बाबा दारातून म्हणाले. हात शर्टाला पुसत होते.

तिने त्या हातांकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. "बोर्डच मुळात खराब निघाला, बाबा."

"मला वाटलंच," ते सुटल्यासारखे म्हणाले. "मी तर मस्त बसवून दिला होता."

त्या खोट्याबद्दल मला तिचा राग नाही. मायेपोटी बोलली ती. पण त्या मायेने मी मात्र धास्तावलो.

मी खालच्या मजल्यावर बाबांच्या खणात येऊन पडलो आणि ठमीने पुन्हा वर्षभर शिकवण्या घेतल्या. काल नवा बोर्ड आला. या खेपेला तिने यादी तीनदा तपासली, मगच प्रोसेसर घेतला. दोघं एकमेकांसाठीच बनलेले आहेत, त्यांना बोटाचा जोरसुद्धा नको. दोन्ही खोकी वर तिच्या टेबलावर आहेत. ती प्रोसेसरवर लावायच्या पेस्टची ट्यूब आणायला बाहेर गेली आहे.

आत्ताच बाबांनी हा खण उघडला. त्यांचा हात माझ्यावरून पुढे गेला. कानस उचलली, फडक्याने पुसली.

"मागच्या वेळी घासल्यावरच तर बसला होता," ते स्वतःशीच म्हणाले. "या वेळी आधीच घासून ठेवतो. पोरीला त्रास नको."

ठमे, लवकर ये. आणि आल्यावर त्यांना खरं सांग, मग ते कितीही दुखावू देत. मला ओरडता येत नाही. खण उघडा राहिला आहे, त्यामुळे नीट ऐकू येतंय. जिन्याला बारा पायऱ्या आहेत. बाबा आठवीवर पोचलेत.