ड्रायव्हरला मुलगी द्यायची का?

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. सहा चाकांचा, नारिंगी तोंडाचा, आणि खोटं कशाला बोलू, थोडासा बढाईखोर. सध्या जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा गावात, माझे मालक सावळारामभाऊ यांच्या कांदाचाळीजवळ माझा मुक्काम असतो. एक कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालते. घालू दे बापडी!

त्र्याण्णव साली पिंपरीच्या कारखान्यातून आलो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. ना दारं, ना हौदा. नारायणगावच्या सुतारांनी हौदा ठोकला. पेंटरने कपाळावर खंडोबा काढला, पाठीवर दोन मोर काढले. सावळारामभाऊंच्या बायकोने, प्रयागबाईंनी, चाकांखाली लिंबं ठेवून मला ओवाळलं. त्या दिवशी मी असा काही फुगलो होतो की चाकांत हवा भरायची गरजच नव्हती.

माझा ड्रायव्हर बिरदेव. बेल्ह्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा. हाताला हलका, तोंडाला गोड आणि हॉर्नला कंजूष. आम्ही कांदा कलकत्त्याला नेला, टोमॅटो दिल्लीला नेले. इंदूरला पोहे खाल्ले. म्हणजे त्याने खाल्ले, मी डिझेल प्यायलो. पंजाबी ड्रायव्हरांकडून तो हिंदी शिकला आणि गावात आला की उगाचच हिंदी झाडायचा. त्याची आई बानूबाई म्हणायची, "मराठीत बोल मेल्या, न्हाईतर जेवाय वाढनार न्हाई!"

कमाई चांगली होती. पगार होता, वर खेपेचा भत्ता होता, आणि बिडी-बाटलीचा नाद नसल्यामुळे हातात चार पैसे उरायचे. पण नुसती कमाई नव्हे हो! घाट चढून वर आलो की तो माझ्या स्टिअरिंगवर थाप मारायचा, "शाब्बास रे वाघा!" डोक्यावर साहेब नाही, रोज नवा मुलूख. दिल्लीच्या व्यापाऱ्याने क्रेट उघडून "बढिया माल" म्हटलं की आम्हा दोघांचा शीण उतरायचा. मला माझं काम आवडायचं आणि त्याला त्याचं.

सत्त्याण्णव साली बिरदेवच्या लग्नाचं निघालं आणि आमच्या सुखाला दृष्ट लागली. मुलगी निर्मला, जानकूबाबा मेंढपाळांची लेक. बिरदेवला ती आवडली, तिलाही तो आवडला. पण जानकूबाबांनी अट घातली. "ड्रायव्हरकी सोड. चाकनला कंपनीत वाचमन व्हय, मंग पोरगी देतो. पुढच्या बेल्ह्याच्या बाजारात काय ते सांग."

आता एका बाजूला निर्मला, दुसऱ्या बाजूला मी. बिरदेव आठवडाभर माझी काच पुसत बसला.

सावळारामभाऊंनी त्याला धीर दिला. "म्हाताऱ्याला वाटतंय ड्रायव्हर म्हंजी भनंग. त्येला कमाई सांगू, गप बसंल बघ." आम्हा सगळ्यांना ते पटलं आणि इथेच आम्ही चुकलो.

बाजाराच्या दिवशी मला धुऊनपुसून बैलबाजाराच्या कडेला उभं केलं. जानकूबाबा लेकीला घेऊन आले. बैल पारखावा तसं त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं, चाकं दाबली, बॉनेट उघडायला लावलं. म्हटलं, आता माझे दात बघतात की काय!

सावळारामभाऊ सुरू झाले. "पावणं, पगार हाय, भत्ता हाय, दिवाळीला कापड हाय."

"बरं."

"वाचमनला काय मिळतंय? गडी उद्या सोताचा ट्रक घेईल!"

"बरं," जानकूबाबा म्हणाले. "पर पैका मेंढरंबी देत्यात, राव. मी पैका इचारला व्हता का?"

सावळारामभाऊंनी माझं बॉनेट खाली आपटलं.

"मंग नडतंय कुठं?" बिरदेवने विचारलं. "तुमीबी आठ म्हैनं मेंढरं घिऊन कोकनात असताच की."

"असतो. पर माझी बायकू माझ्या संगं असती. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, तान्ही लेकरं, समदं संगं. ही निर्मला चालाया शिकली ती वाटंवर. आमच्यात बाईमानूस वाट बघत बसत न्हाई. तू जाशील दिल्लीला, अन् माझी लेक दाराकडं डोळं लावून बसंल. ते मला सोसायचं न्हाई."

बिरदेवची मान खाली गेली. "खरं हाय बाबा," तो म्हणाला. "सोडतो ड्रायव्हरकी." मित्रांनो, मला रडू येत नाही, नाहीतर भर बाजारात रडलो असतो.

तेवढ्यात निर्मला माझ्या पायरीवर चढली आणि केबिनमध्ये डोकावली.

"स्टो ठेवाया जागा हाय?"

"हाय," बिरदेव गोंधळून म्हणाला.

"पान्याचा क्यान?"

"हाय."

"पाठ टेकाया फळीबी दिसतीय. मंग आबा, घोड्यापरीस काय कमी हाय? मी जाते की संगं!"

सावळारामभाऊ दचकले. "ट्रकात बाईमानूस? लोक काय म्हनतील?"

"लोक कांदा खातील अन् गप बसतील!" बाजाराची पिशवी घेऊन आलेल्या प्रयागबाई कडाडल्या. "दर दसऱ्याला ह्या ट्रकाला मी ओवाळायचं अन् दिल्ली ह्येनं बघायची व्हय? मलाबी एकदा न्या!"

जानकूबाबा एवढे हसले की शेजारचा बैल बुजला. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या सीटवर अंथरली. "दिली पोरगी," ते म्हणाले.

मग काय विचारता! लग्नानंतर निर्मला माझ्या केबिनमध्ये नांदायला आली. ग्वाल्हेरच्या ढाब्यामागे तिने भाकरी थापली की पंजाबी ड्रायव्हर ताटल्या घेऊन रांगेत बसायचे. रस्त्यावर कुठे खड्डा आहे ते बिरदेवच्या आधी तिला कळायचं. पुढे त्यांना मुलगा झाला, सार्थक; तो शाळेत जाऊ लागला, तेव्हा ती फक्त सुट्टीत येऊ लागली. तरीही बिरदेव आनंदात होता, आणि दोन हजार सहा साली त्याने खरोखरच स्वतःचा नवा ट्रक घेतला.

मी मात्र थकलो होतो. सावळारामभाऊंनी भंगारवाल्याला बोलावलं. तो मला किलोवर मागू लागला. हे कानावर जाताच निर्मला बेल्ह्याहून तडक आली आणि माझ्या दाराला हात लावून उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "माझा पयला संसार ह्येच्यात झाला. घर कुनी किलोवर इकतं का?"

भंगारवाला हात हलवत गेला. तेव्हापासून वर्षातून एकदा तो नव्याने विचारायला येतो आणि प्रयागबाईंकडून चहा पिऊन परत जातो.

मित्रांनो, रस्त्यात ट्रक दिसला तर नुसता धूर बघून नाक मुरडू नका. ड्रायव्हरला हात करा, त्याचं गाव विचारा. आणि तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी गंजत उभी असेल, तर ती विकण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा.