हाताला कोमट

सूत रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे पाराबाई म्हणायचे. हौदात उजव्या हाताची दोन बोटं बुडवायची, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. "बेचाळीस." सुरुवातीला मुकादम काचेचा लांब तापमापक सोडून खातरजमा करायचा. पारा बेचाळिसावरच असायचा, फार तर एका अंशाने इकडेतिकडे. पुढे त्याने बघायचंच सोडून दिलं. वाफेत समोरचा माणूस दिसेनासा झाला, तरी पाराबाईचा आवाज आला की सुताच्या लड्या आत सोडायच्या, हे ठरलेलं. अशी छत्तीस वर्षं गेली. संध्याकाळी घरी निघताना बायकांचे हात कोपरापर्यंत निळे-तांबडे असायचे आणि कुणाच्या हाताला आज कुठला रंग लागलाय यावरून फाटकापर्यंत हसणं चालायचं.

कारखाना बंद पडला, तिथे आता गाड्या उभ्या करतात. पण पाराबाईचा ताठा काही उतरला नव्हता. आणि सध्या तर तिला तो हवाच होता. लेकीची रजा संपून सोमवारी ती कामावर जाणार होती. नऊ महिन्यांच्या नातीला दिवसभर कुठे ठेवायचं, हे अजून ठरत नव्हतं. जावई म्हणत होता, आजीकडेच ठेवू. लेक मात्र एक पाळणाघर बघून आली होती.

"आई, मी रविवारी येते. मग बोलू," एवढंच ती फोनवर म्हणाली.

"बोलायचं काय त्यात? मी काय परकी आहे?"

"रविवारी बोलू म्हटलं ना."

लेकीचं घोडं कुठे अडलंय ते कळेना. पाराबाई मग कंबर कसून घर बाळासाठी तयार करायला लागली. टेबलाचे कोपरे मऊ कापडाने गुंडाळले, जिन्याला छोटं दार बसवून घेतलं आणि शुक्रवारी, गुरगुरणारा जुना गीझर काढून नवा लावायला प्लंबरला बोलावलं.

प्लंबर चाळिशीचा, बोलका माणूस. गीझर भिंतीवर चढला, पाणी तापलं, तशी त्याने पिशवीतून एक पितळी तुकडा काढला.

"मावशी, टाकीत साठ अंश ठेवतो. त्यापेक्षा कमी ठेवलं तर साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. पण साठचं पाणी थेट नळाला आलं तर बाळाची कातडी क्षणात भाजेल. म्हणून हा व्हॉल्व्ह. गरम आणि गार यातच मिसळतं. नळ कितीही सोडा, त्रेचाळीसच्या वर पाणी यायचं नाही. बाळासाठी त्यात आणखी गार घालून सदतीस करायचं."

"तो राहू दे तुझ्याकडेच. माझा हात आहे."

"हाताचं काय सांगता मावशी, हात सगळ्यांनाच असतात."

पाराबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने बादली ओढली, गरम सोडलं, गार सोडलं, बोटं बुडवली, थोडं गरम वाढवलं आणि डोळे मिटले.

"सदतीस. घाल तुझं यंत्र."

प्लंबरने खिशातला छोटा तापमापक पाण्यात धरला. बघितला, झटकला, पुन्हा धरला.

"शेहेचाळीस."

"बिघडलंय तुझं."

ती तरातरा खोलीत गेली आणि कपाटातून कारखान्यातला तापमापक घेऊन आली. मुकादमाने स्वतः निवृत्त होताना तो तिच्या हातात दिला होता. काचेची नळी बादलीत उतरली. पारा चढला, चढला आणि शेहेचाळिसावर जाऊन थांबला.

प्लंबरने हळूच आपला हात पाण्यात घातला आणि "आई गं!" म्हणून बाहेर काढला.

"मावशी, हे तुम्हाला कोमट लागतंय?"

पाराबाई बादलीशी वाकली. तिने डावी बाही वर केली आणि डावं कोपर पाण्याला टेकवलं. डाव्या हाताने ती आयुष्यभर नोंदवही धरत आली होती. त्या कोपराला चटका बसला. उजवा हात पुन्हा त्याच पाण्यात घातला, तर तो मात्र मजेत होता. तिने तो उजेडात धरला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, कातडी जाड, रेषा जवळजवळ पुसलेल्या. कधी झालं हे? कारखान्यात असतानाच, की नंतर? कुणी मोजलंच नव्हतं.

"बसव व्हॉल्व्ह," ती म्हणाली. "दोन बसव. ओट्याच्या नळालाही."

"बसवतो. आणि एक सांगू? लेकीला काही बोलू नका. व्हॉल्व्ह लागला की काळजी मिटली. उगाच तिच्या मनात किडा नको."

बोलणं पटण्यासारखं होतं. पाराबाईला पटलंही, अगदी संध्याकाळपर्यंत. मग तिला मुकादमाचं शेवटचं वर्ष आठवलं. त्याच्या डोळ्याला हिरव्यातला निळा दिसेनासा झाला होता. सगळ्यांना कळलं होतं, त्यालाही कळलं होतं, पण तो "माझा डोळा आहे" म्हणत राहिला. शेवटी चाळीस लड्या वाया गेल्या आणि ठपका आला तो नव्याने लागलेल्या एका मुलीवर. ती मुलगी फाटकाशी उभी राहून रडली होती. मुकादम चांगला माणूस होता, म्हणून तर ते जास्त लागलं होतं.

रविवारी लेक आली. नात तिच्या खांद्यावर झोपलेली. तिला गादीवर निजवून दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि लेकीने तोंड उघडायच्या आत पाराबाईने सगळं सांगून टाकलं. बादली, सदतीस, शेहेचाळीस, कोपर, काही वगळलं नाही.

"माझा उजवा हात आता पाण्याच्या कामाचा राहिला नाही. हे ऐकून पोरीला पाळणाघरात ठेवायचं असेल तर ठेव. पण नंतर कळायला नको."

लेकीने मान हलवली.

"आता नाही गं आई. तेव्हापासूनच."

"काय तेव्हापासून?"

"माझ्या लहानपणी तू अंघोळ घालायचीस ना, मी लालेलाल व्हायचे. भाजायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचे की! तू म्हणायचीस, कोमट तर आहे, नखरे करू नकोस. मग मला वाटायला लागलं, पाणी असंच असतं. लग्नानंतर ह्यांनी काढलेल्या पाण्याने अंघोळ केली तेव्हा कळलं." लेक हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "तेच मनात होतं. तुला सांगायचं कसं? तुझ्या हाताबद्दल तुला कोण सांगणार?"

पाराबाई खुर्चीवर बसली. लेक लगेच जवळ आली, पण तिने हाताने थांबवलं.

"थांब. चुकलं माझं. पण आता रडारड नको, पोर उठेल." तिने डोळे पुसले आणि उठली. "चल. नळ तू सोड. गरम पूर्ण सोड, गार बंद ठेव. आणि हात धर खाली."

लेकीने भीत भीत हात धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली. हात तिथेच राहिला.

"गरम आहे. पण भाजत नाही."

"भाजणारच नाही. त्रेचाळीस. आणि बाळाचं पाणी मी मोजून काढणार, रोज. आधी गार, मग गरम. मोजल्याशिवाय तिला बुडवणार नाही, आणि ती पाण्यात असेपर्यंत नळाला हात लावणार नाही. कामाची शिस्त मला शिकवायला नको."

"नाही गं बाई, ती हिंमत कुणाची!" लेक आता खरंच हसली. "साडेआठला आणून सोडू उद्या?"

"आठला आण. तुझी बस चुकेल."

तेवढ्यात नात उठून कुरकुरायला लागली. लेकीने तिचे कपडे काढले, पाराबाईने टब भरला आणि तापमापक सोडला. सदतीस. तिने नातीला उचलून आधी नुसती पावलं पाण्याला टेकवली आणि तिच्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "काय गं, चालेल ना तुला?"

नातीने दोन्ही पाय आपटून आजीच्या तोंडावर पाणी उडवलं.

"चालेल म्हणते," पाराबाई म्हणाली, आणि तिला अलगद आत बसवलं.