पाटीखालचा जिना

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. कुलपांच्या दुकानाची, पत्र्याची, दारापेक्षा रुंद. माझी गोष्ट ऐका, पण माझ्याखाली उभे राहून ऐकू नका.

रंगाऱ्याने माझ्यावर पिवळेजर्द कुलूप काढले, तेव्हा लोक मान वर करून पाहत. मग रंग उडाला. माना खाली गेल्या.

कुर्र.

हा माझा आवाज. डावा बोल्ट गंजला होता. दुकानाला लागूनच वरच्या घरांचा जिना आहे. वर राहणाऱ्या शिंपिणीला तो आवाज रोज ऐकू यायचा.

"भाऊ, पाटी उतरवा. कुणाच्या तरी डोक्यात बसेल."

"वहिनी, तुमच्या मशीनपेक्षा कमीच कुरकुरते ती," दुकानदार म्हणाला. गिऱ्हाइकेही हसली.

एके दुपारी वारा सुटला. मी पडले. तिच्या उजव्या खांद्यावर.

(त्या हाताने तिला अजून कात्री धरवत नाही.)

मग मला दोन न्यायालयांत नेले.

पहिल्यात सरकार विरुद्ध दुकानदार. त्याची बेफिकिरी शिक्षा करण्याइतकी मोठी होती का? तिथे रास्त शंका उरली तर माणूस सुटतो. वारा फार होता. शंका उरली.

दुसऱ्यात ती स्वतः विरुद्ध दुकानदार.

"साहेब, मी सुटलोय ना?"

"तिथे तुम्हाला शिक्षा करायची का, ते पाहिलं," न्यायाधीश म्हणाले. "यांचं नुकसान कोणी सोसायचं, ते इथे पाहायचंय."

इथे कोणाचे म्हणणे अधिक संभवते, एवढेच पुरते. पाटी ज्याची, खालून जाणाऱ्यांची काळजीही त्याचीच. सांगूनही त्याने ती घेतली नव्हती.

"बाईंना माहीत होतं, तर खालून गेल्याच कशाला?" त्याच्या वकिलाने विचारले.

"घरी जायला."

त्याला भरपाई द्यावी लागली. मी दुकानाच्या दारावर परतले. त्याने मला नवा पिवळा रंग दिला. बोल्टलाही दिला. त्याच, जुन्या.

कुर्र.

आज ती जिन्याशी थांबली. डाव्या हाताने पिशवी सावरून तिने वर पाहिले आणि दुकानात गेली.

"भाऊ, पाटी."

"वहिनी, भरपाई दिली ना आता?"

ती बाहेर आली. घर वरच आहे.

मित्रांनो, मला स्वतःला धरून ठेवता येत नाही. मला फक्त कुरकुरता येते. ते ऐकलेत तर आत जा आणि सांगा. तो हसला तरी सांगा.

तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले आहे.

कुर्र.